चार्ल्सटनची उघाडी

"या वेळी एकही म्यूझियम नाही, एकही किल्ला नाही, आणि 'पाच मिनिटं थांब, एवढी पाटी वाचून येतो' हे तर अजिबातच नाही."

निघायच्या आदल्या रात्री बायकोने या तीन अटी घातल्या आणि मी त्या निमूटपणे मान्य केल्या. तिचंही बरोबरच होतं म्हणा. लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत आम्ही जिथे जिथे 'आराम करायला' गेलो तिथे तिथे मी तिला कुठल्या ना कुठल्या तोफेसमोर उन्हात उभी केली आहे. तेव्हा या खेपेला चार दिवस नुसतं लोळायचं, खायचं, समुद्र बघायचा आणि घरी यायचं असं ठरलं. गाव तिनेच निवडलं, साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्सटन. आम्ही राहतो त्या रॅलेहून गाडीने साडेचार तास. मार्चची अखेर, छान हवा, चिरंजीव (वय वर्षं सहा) मागच्या सीटवर गाढ झोपलेले.

आता इतिहास टाळायचाच असेल तर अमेरिकेत जाण्यासारखी हजार गावं आहेत. चार्ल्सटन त्यांत येत नाही. पण हे मी तेव्हा बोललो नाही. गाडी चालवताना गप्प बसणं प्रकृतीला चांगलं असतं.

भारतातल्या वाचकांसाठी थोडा भूगोल सांगतो. अटलांटिकच्या काठावर अ‍ॅशली आणि कूपर अशा दोन नद्या समुद्राला मिळतात आणि त्यांच्यामध्ये जमिनीची एक चिंचोळी जीभ पुढे आली आहे. त्या जिभेवर जुनं शहर वसलंय. आपला कुलाबा डोळ्यांसमोर आणा, साधारण तसं. गावकऱ्यांचा एक ठेवणीतला विनोद आहे : अ‍ॅशली आणि कूपर इथे एकत्र येतात आणि त्यांचा अटलांटिक महासागर होतो! गाव स्वतःबद्दल काय समजतं ते यावरून कळावं.

पण गाव देखणं आहे हे मान्य करायलाच हवं. पहिले दोन दिवस मी इमानदारीत टूरिस्टासारखा वागलो. जुन्या भागात उंच इमारत नाही, वर पाहिलं की चर्चची निमुळती शिखरं तेवढी दिसतात. रस्त्यांवर ओकचे भलेमोठे वृक्ष. फिक्या गुलाबी, पिवळ्या, निळ्या, हिरव्या रंगांची तेरा घरं एका ओळीत उभी आहेत, तिला रेनबो रो म्हणतात आणि तिच्यासमोर फोटो काढला नाही तर बहुधा गावाबाहेर सोडत नसावेत. इथल्या घरांची तऱ्हा मात्र मला फार आवडली. 'सिंगल हाउस' म्हणजे रुंदीला एकच खोली असलेलं घर, आणि तेही रस्त्याकडे पाठ नाही, तोंड नाही, चक्क कूस करून उभं. लांबलचक बाजूला दक्षिणेला किंवा पश्चिमेला दुमजली पडवी. तिला इथे 'पियाझा' असं इटालियन नाव आहे, पण वापर आपल्या पडवीसारखाच. उन्हाळ्यात समुद्रावरचा वारा पडवीतून शिरून एकाच खोलीची रुंदी ओलांडून पलीकडे निघून जातो. रस्त्यावरचं 'पुढचं दार' उघडलं की माणूस घरात जात नाही, पडवीत जातो! एसी नव्हता तेव्हा लोक विचार करून घरं बांधायचे, असं मी बायकोला म्हणालो. पाटी न वाचता बोललो असल्यामुळे ते चालून गेलं.

बऱ्याच जुन्या घरांच्या भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात, ताटलीएवढ्या, काही सिंहाच्या तोंडाच्या वगैरे. ३१ ऑगस्ट १८८६ च्या रात्री इथे मोठा भूकंप झाला, साठच्या आसपास माणसं गेली आणि शहराचं फार नुकसान झालं. त्यानंतर लोकांनी एका भिंतीतून दुसऱ्या भिंतीपर्यंत लोखंडी सळया घातल्या आणि दोन्ही टोकांना या चकत्या लावून घर आवळून घेतलं. त्याचा पुढच्या भूकंपात कितपत उपयोग होईल यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. मी त्यातला तज्ज्ञ नव्हे. माझी पीएचडी पाण्याच्या प्रवाहांवर आहे. तिचा संबंध पुढे येणार आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवतो.

तर या सगळ्या देखणेपणाला पैसा कुठून आला? १६७० मध्ये इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याच्या नावाने ही वसाहत सुरू झाली. सुरुवातीच्या वसाहतवाल्यांत बरेचजण वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावरून आलेले होते, आणि येताना ते तिथली ऊसमळ्यांची रीत, म्हणजेच गुलामगिरी, बरोबर घेऊन आले. इथे ऊस जमला नाही. जमला तो भात! होय, भात. सतराव्या शतकाच्या शेवटापासून पुढची जवळजवळ दोनशे वर्षं या किनाऱ्याने तांदूळ पिकवला आणि युरोपला विकला. 'कॅरोलायना गोल्ड' हे त्यातल्या सर्वांत नावाजलेल्या जातीचं नाव. अमेरिका स्वतंत्र होण्याच्या सुमारास हे इंग्रजांच्या उत्तर अमेरिकी वसाहतींतलं चौथ्या क्रमांकाचं शहर होतं आणि श्रीमंतीत त्याच्या तोडीचं दुसरं क्वचितच असेल. (तांदळाच्या जोडीला नीळही होती. स्वातंत्र्ययुद्धानंतर इंग्रजांना इथली नीळ मिळेना तेव्हा त्यांनी आपला मोर्चा बंगाल-बिहारकडे वळवला, आणि त्याचं पुढे काय झालं हे आपण चंपारणच्या धड्यात वाचलेलं आहे.)

तिसरी अट तिसऱ्या दिवशी सकाळी मोडली, आणि ती मोडली बायकोनेच.

एका जुन्या विटांच्या भिंतीजवळून जाताना एक गाईड आपल्या घोळक्याला काहीतरी दाखवत होता. आम्हीही फुकटात कान लावला. त्याने एका विटेवर बोट ठेवलं. विटेत बोटांचे ठसे होते. ओली वीट साच्यातून काढताना हात लागला की असे ठसे उठतात आणि भट्टीत कायमचे पक्के होतात. विटा पाडायचं काम गुलामांचं, आणि त्या उचलून वाळत घालायला बऱ्याचदा मुलं असत. बायकोने चिरंजीवांचा हात धरून त्या ठशांशेजारी नेला. लावला नाही, नुसता नेला. ठसे त्याच्या बोटांपेक्षा थोडेसेच मोठे होते. मग तीच म्हणाली, "ते बाजाराचं म्यूझियम कुठेय म्हणालास?"

मी काहीच म्हणालो नव्हतो. पण कुठे आहे ते मला माहीत होतं.

चाल्मर्स स्ट्रीट हा गोट्यांचा ओबडधोबड रस्ता आहे. १८५६ मध्ये शहराने उघड्यावर माणसांचे लिलाव करायला बंदी घातली. दया आली म्हणून नव्हे, भर रस्त्यावरचा तो देखावा नको होता म्हणून. मग लिलाव आडोशाला, आवारांत गेले. त्यांतल्याच एका बाजाराची १८५९ ची इमारत आज 'ओल्ड स्लेव्ह मार्ट म्यूझियम' म्हणून उभी आहे. आत फार वस्तू नाहीत आणि असायची गरजही नाही. मी तिथे पंधराएक मिनिटांच्या वर उभा राहू शकलो नाही. पाट्या वाचायची हौस असलेला माणूस मी, पण इथे बायको वाचत होती आणि मी मुलाला घेऊन बाहेर आलो.

आकडे मात्र सांगायला हवेत. आजच्या अमेरिकेच्या भूमीवर आफ्रिकेतून थेट जी माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली, त्यांतली सुमारे चाळीस टक्के या एका बंदरातून आली असं मानतात. १८०८ पासून गुलामांची आयात कायद्याने बंद होणार हे ठरलेलं होतं, म्हणून त्याआधीच्या चार वर्षांत इथे घाईघाईने चाळीस हजारांच्या आसपास माणसं आणली गेली. स्टॉक क्लिअरन्स सेलची जी घाई असते, तशी. त्यातले पुष्कळजण ज्या धक्क्यावर उतरवले गेले त्या गॅड्सडेन्स व्हार्फच्या जागेवर जून २०२३ मध्ये इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्यूझियम सुरू झालं. अख्खी इमारत खांबांवर उचललेली आहे, खालची जमीन मोकळी. साउथ कॅरोलायनात १७०८ च्या सुमारालाच काळ्यांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झालेली होती, आणि गोऱ्यांना त्याची कायमची धास्ती असे. ती निराधार नव्हती. १७३९ मध्ये जवळच्या स्टोनो नदीवर उठाव झाला. १८२२ मध्ये डेन्मार्क व्हेसी या सुताराचा कट फुटला, आणि तो धरून पस्तीसजणांना फाशी दिलं. हा व्हेसी १७९९ मध्ये लॉटरी लागली म्हणून त्या पैशांत स्वतःला विकत घेऊन मोकळा झालेला होता, पण बायकोमुलांना सोडवू शकला नव्हता. ज्या काळ्यांच्या चर्चमध्ये त्याची ऊठबस होती त्याचाच वारसा सांगणारं इमॅन्युएल चर्च आज कॅल्हून स्ट्रीटवर आहे. १७ जून २०१५ च्या संध्याकाळी तिथे बायबल वाचत बसलेल्या नऊजणांना एका गोऱ्या तरुणाने गोळ्या घालून मारलं. आम्ही गेलो तेव्हा दारापाशी ताजी फुलं होती.

दुपारी चिरंजीवांनी 'बोट पाहिजे' म्हणून हट्ट धरला. बोट फोर्ट सम्टरला जाते. आता मुलाचा हट्ट म्हटल्यावर माझा इलाज नव्हता. किल्ला बंदराच्या तोंडाशी, माणसाने दगड टाकून केलेल्या बेटावर आहे. १२ एप्रिल १८६१ च्या पहाटे साडेचारला यादवी युद्धाचा पहिला गोळा इथे पडला. किनाऱ्यावरून तोफा डागणारा सेनापती बोरेगार्ड, आणि आत सापडलेला मेजर अँडरसन हा त्याचा लष्करी कॉलेजातला तोफखान्याचा मास्तर! चौतीस तास भडिमार झाला आणि लढाईत एकही माणूस मेला नाही. मेला तो शरणागतीनंतरच्या सलामीत तोफेशी स्फोट होऊन. गावातले लोक म्हणे घरांच्या गच्च्यांवर चढून मजा बघत होते. पुढच्या चार वर्षांत सहा लाखांच्या वर माणसं मरणार होती.

हा गोळा मुंबईतही ऐकू आला. उत्तरेने दक्षिणेच्या सगळ्या बंदरांची नाकेबंदी केली आणि अमेरिकेचा कापूस अडला. लँकशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून अधिक इथूनच जात होता. मग वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावाने मुंबईच्या धक्क्यावर चढू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, कंपन्या निघाल्या, समुद्र बुजवायच्या योजनांचे शेअर लोक डोळे मिटून घेऊ लागले. एप्रिल १८६५ मध्ये जनरल ली शरण आला आणि जुलैपर्यंत मुंबईचा सगळा फुगा फुटला. प्रेमचंद रायचंद बुडाले, त्यांच्यामागे बँक ऑफ बॉम्बे बुडाली. त्यांच्या आईच्या नावाचा राजाबाई टॉवर तेवढा १८७८ मध्ये पुरा होऊन उभा राहिला. मुंबई विद्यापीठाजवळून जाल तेव्हा चार्ल्सटनची आठवण काढा.

परतीच्या बोटीवर मी बायकोला रॉबर्ट स्मॉल्सची गोष्ट सांगितली, कारण आम्ही नेमके त्याच पाण्यातून चाललो होतो. तेवीस वर्षांचा गुलाम. दक्षिणेच्या लष्करासाठी काम करणाऱ्या 'प्लँटर' नावाच्या आगबोटीचा सुकाणू त्याच्या हाती असे. १३ मे १८६२ च्या पहाटे गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेलेले असताना त्याने बोट सुरू केली, वाटेत लपून बसलेली बायको-मुलं आणि सोबत्यांच्या घरची माणसं चढवून घेतली, कप्तानाची गवती हॅट डोक्यावर घातली, आणि फोर्ट सम्टरच्या तोफांखालून, शिट्टीची ठरलेली खूण देत, आरामात निघून गेला. उत्तरेच्या युद्धनौका दिसल्यावर त्याने पांढरी चादर फडकवली. पुढे तो अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला, आणि ज्या मालकाच्या घरी तो जन्मला होता ते बोफर्ट गावातलं घर त्याने विकत घेतलं. चिरंजीवांनी ही गोष्ट तीनदा सांगायला लावली. हॅटचा भाग त्यांना विशेष पसंत पडला.

चौथा दिवस. निघायच्या आधी बायकोला कुठेतरी झाडांत, शांत, पक्ष्यांबिक्ष्यांच्या सोबतीत चालायचं होतं. तिने इंटरनेटवर शोधून शहरापासून थोडं पश्चिमेला एक सरकारी उद्यान काढलं. नाव 'कॉ कॉ'. मराठी कानांना ते काय वाटतं हे सांगायला नको. आमचे चिरंजीव वाटभर कावकाव करत आले.

दलदल, तिच्यावर लाकडी पायवाट, पाण्यात सुसरींच्या जातीचे अ‍ॅलिगेटर उन्हं खात पडलेले. पांढरे बगळे. फारच सुंदर जागा. पण चालता चालता मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. दलदल इतकी सरळ रेषेत नसते. पाणी चौकोनांत होतं. चौकोनांच्या कडेने गवत वाढलेले बांध होते. आणि एका बांधातून लाकडाची चौकट वर आलेली दिसली, तिच्यात उभी सरकवलेली फळ्यांची झडप. मी तिथेच उकिडवा बसलो.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"अगं, ही उघाडी आहे."

ती नाशिकची. तिला उघाडी म्हणजे काय ते माहीत असण्याचं कारण नाही, आणि तुमच्यातल्या बऱ्याच जणांनाही नसेल. माझं गाव अलिबाग तालुक्यात, खाडीकाठी. आमच्याकडची शेती खारीची. म्हणजे खाडीच्या बाजूने मातीचा बांध घालून समुद्राकडून हिसकावून घेतलेली जमीन. त्या बांधात जागोजागी उघाड्या असतात. भरती आली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते, खारं पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी झडप ढकलून बाहेर जातं. मोटर नाही, वीज नाही, माणूससुद्धा नाही. चंद्र काम करतो.

कॅरोलायनाची उघाडी आमच्यापेक्षा एक पायरी पुढे आहे. इथे तिला ट्रंक म्हणतात. आपल्याकडे ट्रंक म्हणजे पत्र्याची पेटी, इथे बांधाखालून आरपार जाणारी लांब लाकडी पेटी, दोन्ही टोकांना वरून टांगलेली एकेक झडप. पूर्वी म्हणे पोखरलेला झाडाचा बुंधाच घालत, त्यावरून हे नाव पडलं. ज्या मोठ्या नद्यांवर हा भात होई तिथली खुबी अशी : समुद्राचं खारं पाणी जड, नदीचं गोडं पाणी हलकं. भरती येते तेव्हा खालून खारं पाणी आत घुसतं आणि वरचं गोडं पाणी उचललं जातं. ते नेमकं वर आलेलं असताना बाहेरची झडप उचलायची. गोडं पाणी पेटीतून वाहत आतली झडप ढकलून शेतात शिरतं. ओहोटी लागली की शेतातल्या पाण्याच्याच दाबाने आतली झडप मिटते आणि पाणी शेतात कोंडलं जातं. निचरा करायचा तर उलट. थोडं खाली समुद्राकडे गेलं की खारं पाणी पीक जाळणार, थोडं वर गेलं की भरती पोचणार नाही. त्या अधल्यामधल्या पट्ट्यात, सायप्रसची जंगलं तोडून, कमरेएवढ्या चिखलात, साप-डास-मलेरियात, फावड्यांनी मैलोन्‌मैल बांध घातले गेले. भातमळ्यांवर जन्मलेल्या गुलामांच्या मुलांतली अर्ध्याहून अधिक पंधरा वर्षांची होण्याआधी मरत. दिवसाचं काम 'टास्क'वर, साधारण पाव एकर. भात झोडायचा, मग लाकडी उखळात मुसळांनी कांडायचा, आणि गवताच्या विणलेल्या सुपांनी उफणायचा. ती विणीची कला अजून जिवंत आहे. गावच्या बाजारात बायका स्वीटग्रासच्या टोपल्या विणत बसलेल्या असतात. आदल्या दिवशी आम्ही त्यांच्यासमोरून 'केवढ्याला दिली' विचारत गेलो होतो.

आता प्रश्न असा, की हे तंत्र कोणाचं? इंग्लंड-बार्बाडोसहून आलेल्या मालकांनी भात पिकवलेला नव्हता. उलट पश्चिम आफ्रिकेत, सेनेगलपासून सिएरा लिओनपर्यंतच्या किनाऱ्यावर, लोक हजारो वर्षं आपला स्वतःचा वेगळ्या जातीचा तांदूळ लावत होते, खारफुटी तोडून बांध घालत होते आणि बांधांत पोखरलेले ताडाचे बुंधे बसवत होते. पीटर वुड यांनी १९७४ मध्ये आणि ज्युडिथ कार्नी यांनी २००१ मध्ये 'ब्लॅक राइस' या पुस्तकात हे मांडलं, की मालकांनी नुसते हात आणले नाहीत, विद्या आणली. २००७ मध्ये एल्टिस, मॉर्गन आणि रिचर्डसन या तीन इतिहासकारांनी जहाजांच्या नोंदी काढून त्याला हरकत घेतली : भाताच्या मुलखातली माणसं मुद्दाम निवडून आणली असं आकड्यांवरून दिसत नाही, आणि सूत्रं मालकांच्याच हाती होती.

मी इतिहासकार नाही, पण त्या बांधावर बसून माझ्या मनात जे आलं ते सांगतो. नुसती झडप सारखी दिसते म्हणून ती आफ्रिकेतून आली असं म्हणणं कच्चं आहे. आमच्या गावची उघाडीही तशीच दिसते, आणि ती काही आफ्रिकेतून आलेली नाही. भरती-ओहोटीच्या काठी भात लावायचा म्हटला की कुठल्याही शहाण्या शेतकऱ्याला हीच युक्ती सुचणार. पण झडपेचं डिझाइन हा त्यातला सोपा भाग. अवघड भाग कुठला हे मला आजोबांमुळे माहीत आहे. उधाणाच्या भरतीला बांध कुठे बसेल, खेकड्याने केलेलं एवढंसं भोक सकाळपर्यंत खांड होईल की नाही, पाणी आज सोडायचं की उद्या, हे ते चिखलात पाय घालून सांगायचे. मी त्याच गोष्टीची समीकरणं सोडवून डॉक्टर झालो आणि अजूनही मला ते सांगता येत नाही. कॅरोलायनाच्या चिखलात पाय कोणाचे होते याबद्दल तर वाद नाही ना? मग विद्या कोणाची हा प्रश्न मला तरी फारसा अवघड वाटत नाही. पुस्तकांत आणि पुतळ्यांत मात्र दोनशे वर्षं 'अमुक साहेबांनी भातशेती विकसित केली' असंच येत राहिलं.

आजोबा कूळ होते. जमीन खोताची. बांध कुळांनी घालायचा, खांड पडली तर रात्री कंदील घेऊन कुळांनी धावायचं, आणि भात खोताच्या कोठारात. १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने चरीचा संप झाला तेव्हा आजोबा सात वर्षांचे होते. १९३९ पर्यंत, सहा वर्षं, त्या गावांनी खोताच्या जमिनीत भात लावला नाही. घरात या संपाच्या गोष्टी इतक्या वेळा ऐकल्या होत्या की लहानपणी कंटाळा यायचा. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर कोणीतरी म्हणेल की दोन्ही सारखंच. सारखं नव्हे. खोत आजोबांच्या वाट्याचा भात नेऊ शकत होता, आजोबांना नेऊन चाल्मर्स स्ट्रीटवर विकू शकत नव्हता. संप करायला आधी माणूस स्वतःचा असावा लागतो.

तरी हे धागे जोडणारा एकजण आपल्याकडे होऊन गेला, आणि तोही पुण्याबाहेर फारसा न पडता. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली युनायटेड स्टेट्समधल्या सज्जन लोकांना, निग्रोंना दास्यातून मुक्त करण्याच्या त्यांच्या कार्याबद्दल. शाळेत असताना हे मी परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. अमेरिकेत येऊनही मी त्या अर्पणपत्रिकेचा कधी विचार केला नव्हता.

पुढे या भाताचं काय झालं? १८६५ नंतर फुकटची माणसं संपली. १८९३ आणि १९११ च्या चक्रीवादळांनी बांध फोडले, आणि ते पुन्हा घालायला कोणी नव्हतं. लुइझियाना, आर्कान्सामध्ये टणक जमिनीवर यंत्रांनी भात होऊ लागला. इथल्या चिखलात यंत्रं रुतत. कॅरोलायना गोल्ड जवळजवळ नाहीसा झाला. तो १९८० च्या दशकात परत आणला सव्हाना शहराच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरांनी. का? तर त्यांना शिकारीसाठी बदकं हवी होती, आणि बदकांना भात आवडतो! सरकारी बियाण्यांच्या संग्रहातून त्यांनी थोडं बी मिळवलं आणि लावलं. आज मोठमोठ्या हॉटेलांत हा तांदूळ मानाने वाढतात. चार्ल्सटन सोडताना आम्हीही एक छोटी पिशवी घेतली, आणि तिळाच्या पातळ कुरकुरीत बिस्किटांचा डबा. तिळाला इथे 'बेने' म्हणतात, हाही शब्द पश्चिम आफ्रिकेतूनच गुलामांबरोबर आलेला. बायकोच्या मते तिळाच्या वडीशी त्यांचं नातं नक्की आहे.

घरी पोचल्यावर तांदूळ शिजवला, आमटीबरोबर खाल्ला. चांगला लागतो, मऊ, जरा गोडसर. आमच्या खारीतल्या रात्या तांदळाची सर त्याला नाही, पण हे मत निःपक्षपाती नाही. मग बाबांना व्हिडिओ कॉल लावून उघाडीचे फोटो दाखवले. बाबांनी चष्मा वर करून बराच वेळ पाहिलं.

"लाकूड कुठलं?"

"सायप्रस. पाण्यात लवकर कुजत नाही म्हणतात."

"आपल्याकडे आता सिमेंटचा पाइप नि लोखंडी झडप आहे. खाऱ्या पाण्याने गंजते. गेल्या पावसात अडकली ती अजून तशीच." थोडं थांबून म्हणाले, "दोन झडपा कशाला रे?"

मी त्यांना भरतीवर तरंगत येणाऱ्या गोड्या पाण्याची युक्ती समजावून सांगितली. त्यांना ती माझ्यापेक्षा लवकर कळली. "हुशार होती माणसं," ते म्हणाले. मग म्हणाले, "आणि तो तांदूळ? काय भाव पडला?"

मी डॉलरचे रुपये करून किलोचा भाव सांगितला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मला वाटलं लाइन कट झाली.